रिफ्लेक्टर लागले, पण ट्रॉलीचं बेअरिंग कोण बघणार?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

ऊस हंगाम सुरू झाला की पेपरात दरवर्षी एक फोटो ठरलेला असतो, कारखान्याच्या यार्डात पोलीस नाहीतर आरटीओचे साहेब ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर चिकटवतायत आणि ड्रायव्हर बाजूला उभा राहून कॅमेऱ्याकडं बघतोय. चांगलं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही, रात्री उभ्या ट्रॉलीला मागनं धडकून गेलेली पोरं आपल्या भागात कमी नाहीत. दुसरी बातमी ट्रॅक्टरवरच्या साउंडची, त्यावर पण कारवाई व्हायलाच पाहिजे, कारण तेवढ्या आवाजात मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. पण ती ट्रॉली रात्री रस्त्यात उभी का राहिली हे कुणी विचारत नाही. वाळवा तालुक्यात आमचं ट्रॉली बनवायचं आणि दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, रोज हेच बघतो म्हणून लिहितोय. थोडं लांबणार आहे, कापायचं झालं तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

घोळ ट्रॉली घेतानाच सुरू होतो. गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न किती टन बसणार. कुठं चालवणार, ट्रॅक्टर किती एचपीचा, पाणंद कशी आहे, हे आम्हीच विचारायचं. शेतातल्या कामाला, म्हणजे शेणखत, माती, विटा, त्याला दोन चाकी टिपिंग ट्रॉली बरी, जॅकवर उचलून ओतता येते आणि रिव्हर्सला सोपी जाते. हिचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं आणि ते यायलाच पाहिजे, त्यानं मागची चाकं जमीन धरतात. पण माल भरताना आसाच्या किंचित पुढं जास्त भरायचा, मागं जास्त झाला तर ट्रॅक्टरला जोडायची दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं नुसती फिरतात, आणि पुढं फारच टाकला तर चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टेअरिंग हलकं पडतं. चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्याच चाकांवर असतं, लांबच्या रस्त्याला आणि उसाला तीच लागते, सोडली तरी आपल्या पायावर उभी राहते. फक्त रिव्हर्स घेणं म्हणजे परीक्षा, आणि दोन जोडलेल्या असल्या तर रिव्हर्सचं नावच काढू नका, म्हणून फडात शिरायच्या आधीच बाहेर कसं पडायचं ते ठरवावं लागतं. दोन्ही कामाला एकच ट्रॉली चालवायची हौस सगळ्यांना, मग उसाच्या ट्रॉलीत उन्हाळ्यात मळी, म्हणजे कारखान्यात उसाच्या रसातनं निघालेला गाळ, वाहतात, ओली मळी तळाच्या पत्र्यावर तशीच राहते आणि दोन-तीन वर्षांत पत्र्याची चाळण होते. मळी वाहायची असली तर वाहा, पण त्याच संध्याकाळी पाण्यानं धुवून काढा, एवढं सांगून पण कोण ऐकत नाही.

आणि मग, "मिस्त्री, अजून अर्धा फूट लांबी वाढवा की." हे वाक्य प्रत्येकाचं. बॉडी वाढते, आस तोच, हब (चाकाच्या मधला, बेअरिंग बसतं तो भाग) तेच, स्प्रिंगचे पाटे तेच, टायर तर बहुतेक वेळा ट्रकचे उतरवलेले. का वाढवतात ते पण समजून घ्या, वाहतुकीचं बिल टनावर निघतं, यार्डात नंबर लागायला कधी कधी रात्र जाते म्हणजे दिवसाला खेपा कमी, मग एका खेपेतच जास्त कोंबायचं. त्यात तोडणीच्या टोळीला दिलेली उचल अंगावर, टोळी अर्ध्यात पळून गेली तर वाहनवाला कर्जात. असला माणूस ब्रेकवर खर्च करा म्हटलं तर आपल्याकडं येड्यासारखं बघतो. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला 20 हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, पण वजन कळतं कारखान्याच्या काट्यावर आणि काट्यावर दंड होत नाही, बिल होतं.

आता जरा हिशोब बघा. 50 एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनाचा, मागं दोन ट्रॉल्या मिळून वीस टनाच्या वर ऊस. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो आणि ट्रॉलीला ब्रेकच नसतो, असला तर उभी करताना लावायचा हँडब्रेक, तो पण गंजून बसलेला. म्हणजे उताराला ती दोन चाकं सगळं वजन अडवणार, मागनं ट्रॉली ढकलणार, आणि जरा वळणावर ब्रेक दाबला की ट्रॅक्टर आडवा होऊन ट्रॉली त्याच्या अंगावर येणार. त्यात आपले ड्रायव्हर उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, हे तर डोक्याच्या बाहेरचं आहे, ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा हा साधा नियम आहे, इंजिन जेवढं धरून ठेवतं तेवढं ब्रेक धरत नाही. आणखी एक बारीक गोष्ट, ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात, शेतात वळायला एकेक वापरतात, रस्त्यावर यायच्या आधी मधली खिट्टी टाकून दोन्ही जोडायचे असतात. वर्कशॉपला येणाऱ्या ट्रॅक्टरची ती खिट्टी बघायची मला सवयच लागलीय, कित्येकांची तुटलेली नाहीतर तारेनं मागं बांधून ठेवलेली असते. भरल्या ट्रॉलीला एकाच पेडलवर पाय पडला तर काय होईल ते सांगायला नको. ट्रॉलीला एअर ब्रेक, हायड्रॉलिक ब्रेक बसवता येतो, ट्रॉलीनं मागनं ढकललं की दांडीच्या दाबानं आपोआप लागणारा ब्रेक पण असतो, नवीन काही शोधायचं नाही.

बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र ब्रेक नाही, बेअरिंग. हंगामात रस्त्याच्या कडेला तिरकी झालेली, चाक निखळलेली ट्रॉली दिसली की समजायचं हब गेला. अशा हबचं टोपण उघडलं की आत काळं ठिक्कर वाळलेलं ग्रीस, बोटावर घेऊन चोळलं की कचकच लागतं आणि उन्हात धरलं की त्यात स्टीलचा चुरा चमकतो. आणि स्प्लिट पिनच्या जागी वाकवून घातलेला खिळा. स्प्लिट पिनला किती पैसे पडतात हो? ती तुटली की नट सुटतो, नट सुटला की चाक आपल्या वाटेनं जातं. हंगामाच्या आधी चारही हब उघडायचे, रॉकेल नाहीतर डिझेलनं धुवायचे, बेअरिंग फिरवून बघायचं, डाग दिसला तर बदलायचं, नवीन ग्रीस नुसतं वरून न थापता रोलरच्या आत दाबून भरायचं. नट घट्ट आवळून मग जरासा सैल करायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण हलवलं तर खडखडलं नाही पाहिजे, जास्त आवळलं तरी जळतं. भरून निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरवर एकदा उतरून हबला हात लावायचा, हात टिकत नसेल तर तिथंच थांबायचं. टर्नटेबलला, म्हणजे पुढची चाकं ज्या चकतीवर वळतात तिला, पण ग्रीस लागतं, हे निम्म्या लोकांना माहीतच नाही, कोरडं टर्नटेबल अडकतं आणि वळणावरून बाहेर आल्यावर ट्रॉली सरळ व्हायला वेळ घेते.

मागची ट्रॉली शेपटासारखी हलते अशी तक्रार घेऊन येतात, तिथं नव्वद टक्के वेळा दांडीच्या डोळ्याचं, म्हणजे टोकाला जिथं जोडायची पिन घालतात ते भोक झिजून अंड्यासारखं झालेलं असतं. वर पिन म्हणजे कापलेला लोखंडी गज, खाली क्लिप नाही. डोळ्याला नवीन बुश बसवा, पिन जाडीला बरोबर घ्या आणि दांडीपासून ट्रॅक्टरला एक मजबूत साखळी टाका, पिन उडाली तरी ट्रॉली मोकाट सुटत नाही.

फडात रुतलेली ट्रॉली टोचन करून, म्हणजे साखळीनं ओढून, काढायची वेळ येते तेव्हा तर जास्तच सांभाळायला पाहिजे. साखळी कधीही ट्रॅक्टरच्या वरच्या टॉप लिंकच्या जागी बांधायची नाही, आसाच्या वरनं ओढ बसली की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटा पडतो, आणि हे उडी मारायला वेळ न देता होतं. खालच्या हुकालाच बांधायची, झटके द्यायचे नाहीत. वायररोप ताणलेला असताना आजूबाजूला टोळीतली बायका-पोरं उभी असतात, तुटला तर तो चाबकासारखा येतो, त्यांना आधी लांब पाठवा. त्यापेक्षा निम्म्या मोळ्या खाली उतरवून ट्रॉली काढली तर तासभर जाईल पण कुणाचा हात-पाय तर जाणार नाही.

एक राहिलंच, दगड. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला दगड लावतात, मागं दगडांची रांग मांडतात, वर चार वाढे (उसाचे हिरवे शेंडे) ठेवतात, काम झालं की ट्रॉली जाते आणि दगड रस्त्यावर तसेच. मग अंधारात त्याच्यावर कुणीतरी मोटरसायकलवाला पडतो. साखळीनं ट्रॉलीलाच अडकवलेले दोन लाकडी ठोकळे ठेवा, निघताना आपोआप बरोबर येतात.

आता मागणी. वाहन लावताना कारखाना करार करतो, कागद घेतो, जामीनदार घेतो, उचल देतो, पण ज्या ट्रॉलीच्या जिवावर हे सगळं आहे ती बघत नाही. प्रत्येक कारखान्याला स्वतःचं वर्कशॉप आहे, फिटर आहेत. हंगामाआधी बॉयलर पेटवतात त्या अग्निप्रदीपनाच्या आसपास गट पाडून ट्रॉल्या यार्डात बोलवा, चाक जॅकवर उचलून हलवून बघा, पिन, डोळा, साखळी, मागच्या दिव्याची वायर बघा, ट्रॉलीचा स्वतःचा नोंदणी नंबर आणि विमा आहे का बघा (ट्रॅक्टरचा आहे म्हणजे ट्रॉलीचा झाला असं नसतं), आणि जी पास होईल तिलाच हंगामात नंबर द्या. ब्रेक बसवायचा खर्च एकदम झेपत नसेल तर उचलीतच त्याची वेगळी रक्कम धरा आणि पुढं बिलातनं हप्त्यानं कापा, तोडणीची उचल कापताच की. आरटीओच्या साहेबांनी रिफ्लेक्टर लावायला येताना बरोबर एक जॅक आणला तर अजून बरं.

आपला,
एक ट्रॉली मिस्त्री
ता. वाळवा, जि. सांगली