वरच्या मजल्याबद्दल

क्यूबेक सिटी,
१२ फेब्रुवारी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी बाबांनी विचारलं, "वरचा मजला भाड्यानं देऊ का गं? नर्सिंगच्या दोन मुली विचारून गेल्यात." मी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. तोंडानं बोलायला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तूच वाचून दाखव त्यांना. चष्म्याचा नंबर काढायला ते अजून गेलेले नाहीत, हे मला इथं बसून कळतं.

आधी इथली हकीकत ऐका. माझ्या खालच्या घरात एक आजोबा राहतात. थंडी उणे बावीस असली तरी कोटाच्या आत त्यांची एक फिकी निळी जर्सी असते. कडेनं फ्रेंच राजवटीची लिलीची फुलं आणि छातीवर लाल रंगाची, इग्लूसारखी दिसणारी खूण. कोपराला दोनदा रफू केलेलं. ही नॉर्डिक्स संघाची जर्सी. हॉकी म्हणजे आपल्या मैदानावरची नव्हे, बर्फावरची. १९७९ ला हा संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये आला. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटाचे पैसे मात्र कॅनेडियन डॉलरमध्ये. त्यात मैदान जुनं, १९४९ चं. नवं बांधायला सरकारनं पुरेसा हात दिला नाही, तेव्हा १९९५ ला मालकांनी संघ विकला आणि तो अमेरिकेत डेन्व्हरला गेला. पुढच्याच वर्षी, १९९६ ला, त्यानं तिथं स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचा सगळ्यात मोठा चषक, जिंकला! आजोबा हे सांगतात तेव्हा मुलीचं सासर सांगावं तसा चेहरा करतात.

बाबा, आपल्या कोल्हापुरात फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम हरली की पेठेत कुणाला जेवण जात नाही. पण पाटाकडील कुणी विकत घेतली आणि सांगलीला नेली, असं कधी ऐकलंय? तालीम पेठेची असते. इथं संघाला मालक असतो, आणि मालकानं गाशा गुंडाळला की गाव नुसतं बघत राहतं.

मग गावानं ठरवलं, आधी घर बांधू, मग पाहुणा येईल. महापौर रेजी लाबोम यांनी २००९ ला नव्या अरीनाचा, म्हणजे बंदिस्त मैदानाचा, घाट घातला. २०१० च्या शरदात एब्राहमच्या माळावर, जिथं १७५९ ला फ्रेंच इंग्रजांकडून हरले त्याच माळावर, सुमारे पन्नास हजार लोक निळे कपडे घालून जमले. आजोबा त्यात होते. ओटावाच्या केंद्र सरकारनं पैसे द्यायला नकार दिला. शेवटी प्रांत आणि शहर यांनी मिळून भार उचलला. खर्च सुमारे ३७ कोटी डॉलर, खुर्च्या १८ हजारांवर. सगळा जिल्हा धरला तरी इथं आठेक लाख माणूस. सप्टेंबर २०१५ ला हे नवं अरीना, साँत्र व्हिडेओत्रों, उघडलं तेव्हा मला इथं येऊन वर्ष झालं होतं. मी कौतुकानं फोन केला, तर बाबा म्हणाले, "संघ कुठाय? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!" मागून मिक्सरची घरघर ऐकू येत होती. आपल्या वरच्या मजल्याचं सेंट्रिंग त्याच महिन्यात लागलं होतं.

तेव्हा मी हसले होते. त्या स्लॅबवर कोण राहणार, हे तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं.

२०१६ च्या जूनमध्ये लीगनं निकाल दिला. नवा संघ मिळवायचा तर फी ५० कोटी अमेरिकी डॉलर. अर्जदार दोनच उरले होते, लास व्हेगास आणि आपलं हे गाव. वाळवंटातल्या व्हेगासला बर्फाचा संघ मिळाला आणि क्यूबेकचा अर्ज लांबणीवर पडला. कारणं रीतसर होती. कॅनेडियन डॉलर पडलेला आणि लीगच्या पूर्वेच्या भागात आधीच जास्त संघ. नंतर २०१८ ला सिएटलला संघ दिला. २०२४ ला ॲरिझोनाचा संघ उठून युटाला गेला. दर वेळी इथल्या वर्तमानपत्रांत आशेची पानं छापून येतात. प्रांताच्या सरकारनं लॉस एंजेलिसच्या संघाला दोन सराव सामने खेळायला बोलावलं आणि त्यापायी पन्नास ते सत्तर लाख डॉलर देऊ केले. जाहीर केलं तेव्हा शिक्षक संपावर चाललेले. लोक भडकले. माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. पण शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं, हे तुम्हीच मला खांद्यावर बसवून सांगायचात. त्यामुळं मैदान बांधणाऱ्याला वेडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथल्या जुन्या मैदानाचं नावही कॉलिझेच होतं.

आता खरी गोष्ट. ते अरीना रिकामं नाही. गाण्याचे कार्यक्रम होतात, रेम्पार्ट्स नावाचा पोरसवदा खेळाडूंचा संघ तिथं खेळतो. आणि फेब्रुवारीत पी-वी स्पर्धा असते. १९६० पासून चालत आलेली, अकरा-बारा वर्षांच्या पोरांची. देशोदेशीची पोरं येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. आजोबांकडं दोघं आलेत. हीटरवर हातमोजे वाळत घातलेले असतात आणि जिन्यात असा वास, की गंगावेशीतल्या तालमीत लंगोट वाळत घातलेत असं वाटावं. शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. यंत्रानं बर्फ धुऊन गुळगुळीत केला, त्यावर दिवे उमटले. त्यातला धाकटा आत आला आणि खेळायचं सोडून मान वर करून खुर्च्या मोजत उभा राहिला. प्रशिक्षक ओरडला तेव्हा भानावर आला. आजोबा रडले. जर्सीच्या बाहीनंच नाक पुसलं. संघ कधी येणार, असं मी पूर्वी त्यांना गमतीनं विचारायचे. परवा विचारलं नाही. त्यांना पोरांना पहाटे साडेपाचला उठवायचं होतं, ते गजर लावण्यात गुंतलेले होते.

बाबा, मजला भाड्यानं द्या. माझी नोकरी गेल्या महिन्यात कायम झाली. हे मी तीन रविवार सांगितलं नाही. येईन, दर डिसेंबरात येईन, पण ते पाहुणी म्हणून. इतकी वर्षं तुम्ही वरची फरशी पुसून घेताय, पंख्यांना पिशव्या बांधून ठेवताय. मला ते व्हिडिओत दिसतं.

पिशव्या काढा. माझ्या कपाटातली पुस्तकं माळ्यावर टाका, वह्या रद्दीत गेल्या तरी चालतील. पश्चिमेची खिडकी पावसात फुगते, मुलींना आधीच सांगा. गच्चीचं दार वर उचलून मग कडी लावायची, नाहीतर बसत नाही. डिसेंबरात मी खाली बाहेरच्या खोलीत झोपेन, आईच्या जवळ.

आणि भाडं किती घ्यायचं ते आई ठरवेल. बाबांना बोलू देऊ नकोस आई, पोरींचे चेहरे बघून ते निम्म्यावर येतील.

तुमची,
मनू