टेक्का सेंटरमधल्या काका-मावशींचे आभार

सिंगापूरला नोकरीसाठी दोन वर्षं एकटाच होतो. खोलीवर स्वयंपाकाला परवानगी नव्हती, त्यामुळे जेवण लिटल इंडियातल्या टेक्का सेंटर या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल). तीन-चार डॉलरात पोट भरायचं.

पहिल्याच आठवड्यात टेबलावर पडलेलं टिश्यूचं पाकीट बाजूला सारून मी खुशाल बसलो. समोरच्या स्टॉलवरून एक मावशी ओरडल्या, जागा धरलीये ती! म्हणजे आपला एसटीतला रुमालच की. त्या दिवसापासून ओळख झाली. त्यांच्याकडची शाकाहारी बी हून (तांदळाच्या शेवया) घेताना मी रोज विचारायचो, हे मटण नाही ना? त्या चिमट्याने तुकडा उचलून मधोमध फाडून दाखवायच्या. सोया! दोन वर्षांत एकदाही वैतागल्या नाहीत.

कॉफीवाल्या काकांचे तर किती आभार मानू? नुसती 'कोपी' मागितली की कंडेन्स्ड मिल्क पडतं, 'ओ' म्हणजे बिनदुधाची, 'कोसोंग' म्हणजे बिनसाखरेची, हे त्यांनीच शिकवलं. मोज्यासारख्या लांब कापडी गाळणीतून कॉफी ओतता ओतता आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे. मागे रांग खोळंबलेली असली तरी!

२०२० साली युनेस्कोने तिथल्या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. छानच झालं. पण काका-मावशींची नावं मला आजही माहीत नाहीत, सगळे त्यांना 'अंकल', 'आंटी'च म्हणतात. निघायच्या दिवशी मावशींनी तळलेल्या टोफूचे दोन तुकडे जास्त वाढले आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.