तीर्थाच्या अर्ध्या चमच्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या पॅलिएटिव्ह (गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या) सेवा समितीच्या स्पीच थेरपिस्ट उच्चार सुधारायला घरोघरी जातात, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात, स्वरयंत्र काढलेला वारकरी आधी हरिपाठाचे कसे ते विचारतो. गिळणे बिघडलेल्या रुग्णाच्या घरचे विचारतात, तीर्थ द्यायचे की नाही?

द्यायचे. पण पातळ तीर्थ श्वासनलिकेत उतरते, कधी ठसकासुद्धा न लागता, आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आधी ओल्या स्पंजने तोंड स्वच्छ करायचे, पाठ सरळ टेकवायची आणि थिकनरने (द्रव दाट करणाऱ्या पुडीने) दाट केलेले तीर्थ अर्धा चमचाच द्यायचे. थिकनर स्टार्चचे असेल तर उष्टा चमचा वाटीत बुडवू नये, लाळेने दाटपणा मोडतो. तुळशीचे पान टाळूला चिकटते, ते ओठाला लावून काढून घ्यावे. गिळणे थांबलेच असेल तर तीर्थात भिजवून घट्ट पिळलेला स्पंज ओठांवरून फिरवावा.

बोलणे गेलेल्यांना बोट ठेवून सांगता यावे म्हणून मिळणाऱ्या फलकांवर 'पाणी', 'दुखतंय', 'संडास' एवढेच बहुधा असते. आपल्या फलकावर 'देवाजवळ दिवा लाव', 'भीती वाटते', 'मला माफ कर', 'फादरना बोलवा', 'नमाजची वेळ झाली का' हेही आहे. मौलवीसाहेब आणि फादर दोघांनी मजकूर शब्दन् शब्द तपासून दिला. झेरॉक्सवाल्या दादांनी दुकान बंद झाल्यावर रात्री बसून फलक लॅमिनेट केले, एक पैसा घेतला नाही. आणि भजनी मंडळाच्या मावश्या! टाळ बाजूला ठेवून, संथ लयीत, प्रत्येक चरणानंतर जागा सोडून त्यांनी हरिपाठ रेकॉर्ड केला. पक्षाघाताने वाचा गेली तरी तोंडपाठ अभंग पुष्कळदा शाबूत असतो. पहिला शब्द सुरात दिला की पुढचा चरण रुग्ण स्वतः म्हणतो, ती जागा त्यासाठी.

गेल्या आषाढीच्या आवाहनाला मात्र मदतीची दोनच पाकिटे आली. वारीत केळी वाटायला धावणारे आपले गाव अंथरुणावरच्या वारकऱ्याला विसरले, याचे वाईट वाटते.

तातडीने हवे : थिकनरचे 30 डबे (सीलबंद, मुदत पाहून, शिल्लक महिनाअखेरपर्यंतच पुरेल), स्पंजच्या काड्या, ए-3 फलक 40, गळ्याला लावून बोलायची इलेक्ट्रोलॅरिंक्स यंत्रे 2 (चार्जरसह), व्हॉइस रेकॉर्डर 4. धनादेश समितीच्या नावे. रोख व वस्तू कार्यालयात सायं. 5 ते 7, पावती घ्यावी. रेकॉर्डर आधी द्यावेत : पंधरवड्यात दोघांचे स्वरयंत्र काढायचे आहे, त्यांच्या आवाजातला जप आणि नातवंडांना आशीर्वाद त्याआधीच घ्यावा लागेल.

आपली,
सचिव