सहावा रविवार अजून बाकी आहे, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

मैत्रिणीची मोठी बहीण, एवढीच आपली ओळख. तरी लागोपाठ पाच रविवार तुम्ही प्रोग्रामरच्या नोकरीसाठी माझे मॉक (सरावाचे) इंटरव्ह्यू घेतलेत. तेव्हा नुसतं ‘थँक्यू’ म्हणून फोन ठेवला होता. आज नीट लिहितोय.

त्याआधी मी तीन कंपन्यांत आपटलो होतो. प्रश्न कानावर पडला रे पडला की मान खाली घालून कोड बडवायला लागायचो. समोर कुणी बसलंय हेही विसरायचो. तिन्ही वेळा नकाराचं कारण हेच असणार, पण मी आपला आणखी प्रश्न पाठ करत होतो.

पहिल्या रविवारी तुम्ही बायनरी सर्च लिहायला सांगितलंत, म्हणजे क्रमाने लावलेल्या ॲरेत (यादीत) दर वेळी मधलं बघून निम्मी यादी बाद करत शोधायचं. खरं सांगतो, रागच आला. हे काय विचारणं झालं? दोन मिनिटांत लिहून मोकळा झालो. तुम्ही कर्सर मधल्या ओळीवर नेलात: लो अधिक हाय, भागिले दोन, म्हणजे उरलेल्या यादीची सुरुवात आणि शेवट यांच्या मधली जागा. ‘ॲरे किती मोठा असेल, हे विचारलंस का?’ नव्हतं विचारलं. जावा भाषेतला इंट, म्हणजे पूर्णांक, २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला की उणे होतो, म्हणजे ॲरे पुरेसा मोठा असला तर ती बेरीजच फसते. हाय वजा लोच्या निम्मे लोमध्ये मिळवले की काम भागतं. माझा चेहरा पडलेला बघून तुम्ही सांगितलंत, की खुद्द जावाच्या लायब्ररीत ही चूक नऊएक वर्षं दडून होती, आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ते जाहीर लिहिलं. वर म्हणालात, ‘चुकलास म्हणून नाही थांबवलं. विचारलं नाहीस म्हणून थांबवलं. आणि बोलत बोलत लिही, मला तुझ्या डोक्यातलं दिसत नाही.’

नोकरी लागली. (चौथ्या इंटरव्ह्यूत मी इतके प्रश्न विचारले, की घेणारे हसायला लागले.) तुमची खरी आठवण मात्र पुढे आली, नोकरीच्या सातव्या महिन्यात. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टीमवर, एक रिपोर्ट अधूनमधून कोसळत होता. शेवटची धड चालणारी आवृत्ती आणि आजची यांच्यात हजारेक कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल. टीममधल्या सीनियरने गिट बायसेक्ट लावायला सांगितलं. बायनरी सर्चच तो: मधला कमिट तपासायचा, बिघाड त्याआधीचा की नंतरचा ते बघून निम्मे बाद करायचे. दहा फेऱ्यांत गुन्हेगार कमिट हातात. त्यावर नाव माझं.

रिपोर्टला मिळणारी यादी रिकामी येऊ शकते का, एवढं मी विचारलं नव्हतं.

पोटात गोळा आला. तरी टीमच्या चॅनेलवर लिहिलं, ‘कमिट माझा आहे, रिव्हर्ट करतोय,’ म्हणजे बदल मागे घेतोय. कुणी ओरडलं नाही. पोस्टमॉर्टममध्ये (बिघाडानंतरच्या अहवालात) माझं नाव नव्हतं, कुठली टेस्ट कमी पडली तेवढं होतं. सगळ्याच टीम इतक्या समंजस नसतात, हे आता मित्रांकडून ऐकून कळतंय. चूक लपवायची बुद्धी झाली नाही, त्याचं श्रेय मात्र मी तुम्हालाच देतो. पाच रविवार तुमच्यासमोर मोठ्याने चुकायची सवय झाली होती ना.

गेल्या महिन्यापासून मीही इंटरव्ह्यू घेतो. परवा एक मुलगी दहा मिनिटं गप्प राहून टाइप करत होती. ‘बोलत बोलत लिहा,’ म्हणालो, आणि एकटाच हसलो. तिला वाटलं, काहीतरी चुकलं.

सहाव्या रविवारी सिस्टीम डिझाइन (मोठ्या सिस्टीमची आखणी) घेऊ म्हणाला होतात, तेवढ्यात माझी ऑफर आली आणि ते राहूनच गेलं. सिस्टीम डिझाइन मला अजूनही धड येत नाही. कधी फोन करू?

तुमचा,
पाच रविवारांचा विद्यार्थी