झोत जागेवर धरून ठेवणाऱ्या लाइटदादांना

दादा,

‘कागज के फूल’मधला तो उन्हाचा झोत आमच्या फिल्म स्कूलच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरला, तो तुमच्यामुळे. तुम्ही काय काय दाखवलंत ते नेमकं लिहावं आणि तसेच आभार मानावेत, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पुढची बॅच हा प्रसंग करायला घेईल तेव्हा हे पत्र तिच्याही हाती लागू दे.

चित्रपट 1959 चा, कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा. ‘वक्त ने किया’ या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून तिरका उतरतो तो झोत खऱ्या उन्हाचा आहे, दोन आरशांवरून आत वळवलेला. एवढं वाचून माहीत असतं. मोठा दिवा लावून तेच का साधत नाही, ते मात्र तुम्ही समजावलंत. दिवा जवळ असतो, त्यामुळे त्याचा उजेड खाली पोचेपर्यंत शंकूसारखा फाकतो. सूर्य इतका लांब की त्याची किरणं जवळजवळ समांतर येतात. 13 मीटर प्रवास करूनही झोताची जाडी तीच राहते, फक्त कडा 12 सेंटिमीटरभर मऊ होतात. पडद्यावर डोळा खिळतो तो त्या मऊ कडेवर.

आरशांबाबत तुमचा पहिला आग्रह सपाटपणाचा होता. अॅक्रिलिकचा आरसा हलका, पण स्वतःच्याच वजनाने वाकतो आणि झोताला पीळ पडतो. म्हणून 5 मिलिमीटर काचेचा 4 बाय 3 फुटी आरसा, मागे 18 मिलिमीटरचं प्लायवुड. क्लिपा नुसत्या टेकवायच्या. स्क्रू आवळला की काच ताणली जाते आणि जमिनीवर पडलेला उजेडाचा चौकोन फुग्यासारखा दिसतो. काचेच्या पाठीवर आडवी-उभी टेप, म्हणजे फुटलीच तर तुकडे जागेवर राहतात. आतला दुसरा आरसा मोठा हवा, कारण 3 फूट रुंद झोत 45 अंशांत पडला की आरशावर सव्वाचार फूट जागा व्यापतो. हा हिशेब चुकला तर झोताची एक बाजू तराफ्यावरच, म्हणजे छताजवळच्या दिव्यांच्या मचाणावरच, कापली जाते, आणि मग दोष लेन्सवर ढकलला जातो.

पण सगळ्यात मोलाचं शिकवलंत ते झोत थांबवणं. सूर्य चार मिनिटांत सुमारे एक अंश सरकतो. पहिल्या आरशापासून दुसरा 8 मीटर आणि तिथून जमीन 5 मीटर, तेव्हा तेवढ्या वेळात उजेडाचा चौकोन सुमारे 23 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे बरोबर एक वीत. नट खुणेवर उभा आणि उजेड त्याच्या खांद्यावरून निसटलेला! तो परत आणायला आरसा अर्धाच अंश फिरवायचा असतो, कारण आरसा जेवढा फिरतो त्याच्या साधारण दुप्पट झोत फिरतो. 4 फुटी आरशाची कड त्यासाठी जेमतेम 5 मिलिमीटर हलते. इतकं बारीक काम नुसत्या हाताने होत नाही. तुम्ही चौकटीच्या कडेला 8 मिलिमीटरचा बोल्ट बसवलात. त्याच्या एका फेऱ्याला कड 1.25 मिलिमीटर पुढे येते. चार मिनिटांत चार फेरे, मिनिटाला एक! ऊन तिरकं सरकतं म्हणून वर-खाली करायला दुसरा बोल्ट, आणि फेरा दोघांत वाटून घ्यायचा. फेऱ्यांची मोजणी अंदाजापुरती, शेवटचा शब्द जमिनीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेचा. आतल्या आरशाला एकदा लावल्यावर कुणी बोटही लावायचं नाही. आदल्या दिवशी त्याच वेळी येऊन ऊन बघून ठेवायचं, हेही तुमचंच.

धुराचं तंत्र असंच डोळे उघडणारं. फॉगर, म्हणजे धुराचं यंत्र, असेल तर दोन छोट्या फुंकरी, मग पुठ्ठ्याने सगळीकडे पसरवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. दारं बंद, पंखे आणि एसी बंद, नाहीतर हवेत पट्टे उठतात. धूर जास्त झाला की काळा रंग राखाडी होतो आणि झोतच बुडतो. कॅमेरा झोताच्या उगमाकडे तिरका बघेल असा लावायचा, कारण धुराचे कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात. ऊन कॅमेऱ्याच्या पाठीकडून आलं की तोच झोत फिका पडतो. मागे काळा कपडा हवाच.

एक्स्पोजरचं मोजमाप लिहून ठेवतो: आयएसओ 800, शटर 1/48, एफ 5.6 आणि उजेड कमी करणारा एनडी फिल्टर 1.8 च्या आसपास, म्हणजे झोतातला चेहरा नेहमीपेक्षा एक स्टॉप वर राहतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बाकीचा सेट चार स्टॉप खाली. तिथे वेगळा दिवा नको. फ्रेमच्या बाहेर, जमिनीवर पडलेल्या उन्हाशेजारी थर्माकोल उभं केलं की त्याच उन्हाचा परतावा पुरतो. मॉनिटर पहिल्यापासून कृष्णधवल, आणि त्यावर 2.35 ची चौकट, म्हणजे उंचीच्या 2.35 पट रुंद. एचडीत ती 1920 बाय 817 होते. ती नसली तर झोताचा वरचा उगम नंतर कापावा लागतो. लाल साडी आणि हिरवा पडदा एकाच राखाडीत मिसळतात, हे कपडे ठरवण्याआधीच बघायला लावलंत ते फार बरं केलंत.

गाण्यातल्या नायक-नायिकेच्या देहातून आकृत्या बाहेर पडून एकमेकांकडे जातात, तो शॉट सर्वांत अवघड. कॅमेरा पक्का, दोन पास, म्हणजे एकच फ्रेम दोनदा टिपायची: एकात दोघं स्थिर, दुसऱ्यात चालत. दोन पासांच्या मध्ये झोत वीतभर सरकला तर एडिटिंगला दोन झोत दिसतात. म्हणून दोन्ही पास चार मिनिटांच्या आत, आरसा दुसऱ्या पासाआधी खुणेवर आणून, आणि मध्ये नवा धूर अजिबात नाही. जोडताना अख्खी फ्रेम ‘स्क्रीन’ मोडवर (दोन्ही चित्रांचा उजेड एकत्र मिळवणाऱ्या पद्धतीने) टाकली की झोत दोनदा मिळून जळतो. चालणाऱ्या आकृतीपुरताच मास्क, अपारदर्शकता 40 टक्क्यांच्या आत.

टेक नसताना आरशावर गोधडी टाकायला तुम्ही एकदाही विसरला नाहीत. रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत ऊन जाऊ नये म्हणून वाळूच्या पिशव्या तपासत वाऱ्यात तुम्ही बाहेर उभे होतात आणि आतला एकही शॉट तुम्हाला बघता आला नाही. ही गोष्ट मनात घर करून राहिली आहे. म्हणून पहिला पूर्ण कट तुम्हाला दाखवायचा असं ठरलंय. तुम्ही वेळ सांगा, प्रोजेक्टर आम्ही लावतो.

दोन्ही आरसे कोरड्या कपड्याने पुसून उभे ठेवले आहेत, आडवे नाहीत. बोल्टांना तेल दिलंय.

तुमचीच,
प्रकल्पातली मुलं