वीज पतंगावर पडलीच नव्हती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या बालपुरवणीत आपण अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनच्या पतंगाचे जुने चित्र छापलेत; ढगांतली वीज म्हणजे विद्युतच, हे दाखवायला त्याने केलेल्या प्रयोगाचे. चित्र देखणे आहे, यात वाद नाही. पण खाली नुसते ‘फिलाडेल्फिया, जून १७५२’ असे लिहिल्यामुळे पोरांना वाटणार, कुणीतरी समोर बसूनच ते काढले.

न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्हज या छापखान्याने हे शिळाछाप चित्र काढले ते १८७६ साली. त्यातला लहानगा म्हणजे फ्रँकलिनचा मुलगा विल्यम. तो तेव्हा एकवीसेक वर्षांचा बाप्या होता! तेही एक वेळ चालवून घेऊ. पण फ्रँकलिनने पतंगाची दोरी धरली आहे ती दोरीला बांधलेल्या किल्लीच्या वर. म्हणजे ओल्या दोरीतून उतरणारा विद्युतभार किल्लीपर्यंत पोचायच्या आत त्याच्याच अंगातून जमिनीत जाणार. मग किल्लीतून ठिणगी उडणार कशी?

खुद्द फ्रँकलिनने १९ ऑक्टोबर १७५२ च्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये कृती दिली आहे. रेशमी रुमालाचा पतंग, शेंड्याला फूटभर टोकदार तार, खाली सुतळी, सुतळीच्या शेवटी रेशमी फीत आणि दोहोंच्या गाठीशी किल्ली. हातात धरायची ती फीत. ती भिजू नये म्हणून उभे राहायचे दाराच्या किंवा खिडकीच्या आत. सुतळीचे सुटे धागे ताठ झाले की बोटाचे पेर किल्लीजवळ न्यायचे. वीज पतंगावर कोसळली असा अनेकांचा समज असतो, पण त्यात तसे अवाक्षर नाही. कोसळली असती तर कृती लिहायला फ्रँकलिन उरलाच नसता.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७५३ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला गेऑर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना गेला. छपरावरच्या सळईला जोडलेल्या उपकरणापाशी तो वाकला होता. कपाळावर तांबडा डाग उमटला आणि जागीच खेळ आटोपला. शेजारी उभा असलेला तिथल्या विज्ञान अकादमीचा चित्रकोरक्या सोकोलोव्ह तेवढा वाचला. या अपघाताचीही जुनी कोरीव चित्रे आहेत. ती मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा दिसत नाहीत.

वळवाच्या दिवसांत मराठवाडा-विदर्भात वीज पडून माणसे, गुरे दगावल्याच्या बातम्या आपल्याच पानांवर दरवर्षी असतात. तेव्हा पुढच्या रविवारी फ्रँकलिनच्या चित्राचा चार ओळींचा खुलासा द्यावा आणि जागा असल्यास शेजारी रिखमानचे चित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा