कौशल्य आहे, म्हणूनच माणूस उठत नाही

मा. संपादक,
स. न.

‘पोकर हा बुद्धीचा खेळ, त्याला जुगार म्हणू नका’ हा कालचा लेख वाचला. राहवले नाही म्हणून लिहीत आहे.

लेखकाने सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या निकालाचा आधार घेतला आहे. तो निकाल रमीबद्दल होता; रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे त्यात म्हटले होते. सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली, त्या खटल्यातला. क्लबचालक पैशांच्या डावातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात म्हटले आहे. तेवढेच लेखात कसे आले नाही? आणि पोकर हा जुगारच, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, त्याचे काय?

पोकरमध्ये कौशल्य नाही, असे मी म्हणत नाही. माझा भाचा इंजिनीअर, गणितात पहिल्यापासून हुशार. हरलेला प्रत्येक डाव वहीत लिहून ठेवायचा. ‘मामा, ही लॉटरी नाही, इथे चुका सुधारता येतात,’ हे त्याचे ठरलेले उत्तर. लॉटरी लागली नाही तर माणूस नशिबाला दोष देऊन गप्प बसतो. हा मात्र आणखी अभ्यास करून पुन्हा बसायचा. हातात एक्क्यांची जोडी असली तरी समोरची राजांची जोडी साधारण पाचांत एकदा जिंकते. तसे झाले की ‘मी बरोबरच खेळलो होतो’ म्हणून पुढच्या डावाला जास्त पैसे लावायचा. शिवाय बहुतेक प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, चालक आपला वाटा (‘रेक’) कापून घेतो, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांचा हिशेब मिळून तोट्यातच जातो. चार पैसे कमवायचे तर आपल्यापेक्षा कच्चा खेळाडू शोधून त्याला लुटायचे. याला लेखक बुद्धीची कमाई म्हणतात! भाच्याच्या वडिलांची निवृत्तीची पुंजी यातच गेली. वसुलीवाल्यांचे फोन ताईला यायचे. त्या दिवसांत तिला फोनची रिंगसुद्धा सहन होत नव्हती.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आहे, हे मला योग्य वाटते. लेखकाला तो अन्याय वाटतो. पण मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी चालूच आहेत आणि आमचा भाचा आता सुट्टीला गोव्याला जातो, तेव्हा कायद्याने सगळे मिटले असेही नाही.

आणखी एक. बंदीपूर्वी आपल्याच अंकात, क्रिकेटच्या पानावर, रमीच्या मोठमोठ्या जाहिराती येत होत्या. तेव्हाही मी पत्र पाठवले होते. ते छापले नाही, उत्तरही दिले नाही. निदान हे तरी काटछाट न करता छापावे, ही विनंती.

– एक जुना वाचक, सातारा